मुठीखालचा आकडा

एकवीस वर्षं एल्डन प्रुएटचं टेबल माझ्या टेबलाला लागून होतं. कॅल्व्हर्टच्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी जुन्या बंदुकांचा बाजार भरतो. आमच्या केंटकीच्या डोंगरात माणसाकडे दुसरं काही नसलं तरी आज्याची एखादी बंदूक असतेच, त्यामुळे हॉल रिकामा कधी राहत नाही. माझ्या टेबलावर नवऱ्यानं मागे ठेवलेले खिशातले चाकू आणि काडतुसांचे जुने पुठ्ठ्याचे खोके. एल्डनच्या टेबलावर विकायला काहीच नसायचं. एक हिरवा कपडा, सात पेचकस, एक भिंग, आकड्यांनी गच्च भरलेली वही आणि त्यानं स्वतः लिहिलेली पाटी: ‘रिव्हॉल्व्हरचं साल सांगतो. किंमत सांगत नाही.’

साल सांगताना त्याला बघणं म्हणजे एक सोहळाच असायचा. त्यातही त्याचा जीव छोट्या रिव्हॉल्व्हरवर, कोटाच्या खिशात मावणाऱ्या, पाच गोळ्यांच्या. आधी उघडून रिकामं आहे ना ते तीनदा बघायचा. मग कडेचे स्क्रू मोजायचा, कारण कंपनीनं काही वर्षांच्या अंतरानं एकेक स्क्रू कमी केला होता. गोळ्यांचं चक्र सोडवायची कळ सपाट आहे की फुगीर ते अंगठ्यानं चाचपायचा. मुठीच्या लाकडात स्क्रूभोवती हिऱ्याचा आकार कोरलेला दिसला की खुलायचा आणि म्हणायचा, “अडुसष्टच्या आधीचं.” मग मूठ उघडायची. बुडाशी लोखंडात ठोकलेला आकडा तीन-तीन अंक करून मोठ्यानं वाचायचा, वहीतून साल काढायचा आणि लाकडाच्या आतल्या बाजूला कारखान्यातल्या माणसानं पेन्सिलीनं लिहिलेला तोच आकडा दाखवून म्हणायचा, “जुळतो.” हा शब्द तो अशा काही सुखानं उच्चारायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, चला, जगात निदान एक गोष्ट तरी जागेवर आहे.

हे सगळं तो तीन बोटांनी करायचा. उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट व्हिएतनाममध्ये गेलं होतं. नवख्या माणसानं हाताकडे बघितलं की म्हणायचा, “उरलेली तिकडेच ठेवलीत, परत बोलावलं तर सोय असावी म्हणून.”

स्वभावानं मात्र दगड. एकदा आल्टा गिब्सन आपल्या गेलेल्या नवऱ्याचं रिव्हॉल्व्हर घेऊन आली. नवऱ्याचा बाप एकतीस सालच्या खाण-संपात हे कमरेला लावून उभा होता म्हणे. एल्डननं मूठ उघडली, आकडा वाचला आणि म्हणाला, “त्रेपन्न साल. त्याचा बाप तेव्हा जिवंत तरी होता का?” आल्टा तिथंच रडायला लागली. मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. “अरे, म्हातारीला एक गोष्ट होती, तीही काढून घेतलीस. जरा गप्प बसला असतास तर तुझं काय जात होतं?”

“आकडा खोटं बोलत नाही, ओपल,” तो म्हणाला.

“आकड्याला घरी जाऊन एकटं जेवायचं नसतं,” मी म्हणाले. त्यावर तो भिंग पुसत बसला.

पण एका गोष्टीवर तो खरोखर भडकायचा. ह्या रिव्हॉल्व्हरचं चक्र एका दांडीवर बाजूला झुलतं आणि त्या दांडीमागच्या खाचेत दुसरा एक आकडा असतो. चक्र उघडलं की तोच पहिल्यांदा डोळ्यांत भरतो. नवखी पोरं तोच वाचतात, वह्यांत शोधतात आणि भलतंच साल काढून बसतात. “तो आकडा नव्हे रे गाढवा!” एल्डन ओरडायचा. “तो कारागिराच्या मेळाचा आकडा. रंग चढवायला भाग सुटे करतात तेव्हा ह्याची दांडी त्याला जाऊ नये म्हणून. त्याला काडीचा अर्थ नाही. मूठ उघड! मूठ उघडल्याशिवाय तोंड उघडू नकोस!” पोरं हसायची. मी कधी हसले नाही. ओरडून झालं की तो उजवा हात टेबलाखाली नेऊन मांडीशी दाबून धरायचा, हे मला बाजूनं दिसायचं. असं का करायचा, ते हॉलमध्ये फक्त मला ठाऊक होतं.

त्यासाठी एकाहत्तर सालात जावं लागेल.

प्रुएटांच्या घरात दोन भाऊ. थर्मन मोठा, एल्डन सात वर्षांनी धाकटा. बाप आमच्या खोऱ्याचा निवडून आलेला कॉन्स्टेबल होता. त्यानं एकसष्ट साली स्वतःच्या पैशानं एक छोटं, पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर घेतलं आणि मरेपर्यंत कोटाच्या उजव्या खिशात वागवलं. पोरांना हात लावू दिला नाही. घरच्या बायबलच्या पहिल्या पानांवर जन्म-मृत्यू लिहितात, तिथं त्यानं पोरांच्या नावांखाली रिव्हॉल्व्हरचा आकडाही लिहून ठेवला होता. आमच्याकडे माणूस गेला की त्याच्या बंदुका पलंगावर गोधडी अंथरून मांडतात आणि पोरं वयाप्रमाणे एकेक उचलतात. एकोणसत्तरमध्ये म्हातारा गेला तेव्हा एल्डन फौजेत होता. म्हाताऱ्यानं तोंडी सांगून ठेवलं होतं, खिशातलं एल्डनला. म्हणून थर्मननं दुनळी उचलली आणि रिव्हॉल्व्हर भावासाठी ठेवून दिलं.

सत्तरच्या शेवटी एल्डनची बोटं गेली. लेक्सिंग्टनच्या सैनिकी इस्पितळात थर्मन त्याला एकदाच भेटायला गेला. खाणीतला माणूस, बोलणं कमी. खुर्ची ओढून बसला आणि भावाचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला. “सुटेना म्हणून मीच ओढून घेतला,” एल्डननं मला पुढं कधीतरी सांगितलं. “पट्टी नुकतीच निघाली होती. मला लाज वाटत होती.”

मे महिन्याचा शेवटचा रविवार आमच्याकडे थडगी सजवायचा. घराण्याच्या दफनभूमीवर गवत कापायचं, फुलं ठेवायची आणि तिथंच झाडाखाली टेबलं मांडून जेवायचं. त्या वर्षी प्रुएटांच्या टेकडीवर चाळीसेक माणसं जमली होती. मी एकोणीस वर्षांची. आईनं केलेला घेवड्याचा टोप घेऊन आले होते, आणि खरं सांगायचं तर एल्डन परत आलाय म्हणून जरा नटूनच आले होते.

थर्मननं पिठाच्या पिशवीच्या कापडात गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर आणलं आणि सगळ्यांसमोर भावापुढं धरलं. एल्डननं कापड उलगडलं आणि त्याचा चेहराच बदलला. बापाच्या रिव्हॉल्व्हरला पातळ, चपटी मूठ होती. ह्याला अक्रोडाच्या लाकडाची भली मोठी मूठ, बुडापर्यंत झाकणारी.

“हे बाबांचं नाही,” तो म्हणाला.

“त्यांचंच,” थर्मन म्हणाला. “बघ तरी हातात धरून.”

त्या वसंतात खाण संपामुळे बंद होती. निम्म्या डोंगराच्या बंदुका गहाण पडल्या होत्या, हे सगळ्यांना माहीत होतं. एल्डननं दोन बोटांच्या चिमटीत धरल्यासारखं ते उचललं, चक्र उघडलं आणि खाचेतला आकडा वाचला. सहा-शून्य-तीन-एक-आठ. तसाच उतरून घरात गेला आणि बायबल घेऊन आला. बायबलात एक-नऊ-तीन-चार-सात-दोन.

“कितीला विकलंस?” त्यानं विचारलं. थर्मन बघतच राहिला. “विचारतोय मी. बाबांचं कितीला विकलंस आणि हे भंगार कुठून आणलंस? मी तिकडे बोटं घालवत होतो आणि तू इकडे बापाचा खिसा कापत होतास! चोर आहेस तू.”

बापाच्या थडग्यावर आदल्या तासाला ठेवलेली फुलं अजून ताजी होती. चाळीस माणसांत एकानंही तोंड उघडलं नाही. थर्मनचा चेहरा मी आजही विसरले नाही. तो फक्त परत एकदा म्हणाला, “एल्डन, हातात धरून बघ.” एल्डननं ते रिव्हॉल्व्हर जेवणाच्या टेबलावर आदळलं आणि टेकडी उतरून चालता झाला.

ते मक्याच्या पावाशेजारी पडलं होतं. माझ्याच पुढ्यात. अन्नाजवळ नको म्हणून मी ते उचलून गवतावर ठेवलेल्या टोपलीत टाकलं. मूठ वेडीवाकडी होती, खालच्या बाजूला भलताच उंचवटा. माझ्या हातात धड बसेना. थर्मननं घरीच कोरलेली दिसते आणि त्याला सुतारकाम येत नाही, एवढंच तेव्हा माझ्या मनात आलं.

भावाभावांत ते शेवटचं बोलणं. सहा मैलांवर राहायचे दोघं. एकाच दुकानात खिळे घ्यायचे, एकाच डॉक्टरकडे जायचे, आणि एक दिसला की दुसरा गाडीतच बसून राहायचा. बायबल आईच्या माघारी एल्डनकडे आलं, रिव्हॉल्व्हर थर्मनकडे राहिलं.

आता आपल्याला कुणी फसवता कामा नये, ह्या ईर्ष्येनं एल्डन आकड्यांच्या मागे लागला. मी दुसऱ्याशी लग्न केलं, त्यानं कुणाशीच केलं नाही. चौऱ्याहत्तर साली टेनेसीतल्या एका म्हाताऱ्या दुकानदारानं त्याला पहिल्यांदा मूठ उघडून दाखवली आणि सांगितलं, खाचेतला आकडा म्हणजे कारागिराचा मेळ, खरा आकडा बुडाशी.

हे त्यानं मला सांगितलं ते तीस वर्षांनी, फेब्रुवारीतल्या एका बर्फाच्या शनिवारी. हॉलमध्ये चार टेबलं आणि गिऱ्हाईक एकही नाही. मी आमच्याकडच्या सवयीप्रमाणे कोलाच्या बाटलीत खारे दाणे टाकत होते. तो एकदम म्हणाला, “ओपल, मी तेव्हा चुकीचा आकडा वाचला.”

मला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा दाणे हातातच राहिले. “म्हणजे ते तुझ्या बापाचंच होतं?”

“ते मला माहीत नाही. असेल. नसेल. मूठ उघडल्याशिवाय कसं कळणार?”

“मग जा आणि उघड! सहा मैलांवर राहतो तो. तीस वर्षं इथं बसून जगाला मुठी उघडायला लावतोस आणि तुला भावाच्या दारात जाववत नाही?”

“आकडा नाही जुळला तर मी बरोबर होतो,” तो हळू म्हणाला. “आणि जुळला तर? मग मी कुठं जायचं?”

मी त्याला काय काय बोलले. भित्रा म्हणाले, गाढव म्हणाले, त्याहून वाईटही म्हणाले. पण मीही काही कमी भित्री नाही. थर्मनच्या बायकोकडून मी दर आठवड्याला अंडी आणायचे. एका वाक्याचं काम होतं. अंडी मोजून घेतली आणि घरी आले. दुसऱ्यांच्या भानगडीत कशाला पडा, असं स्वतःला सांगितलं आणि आणखी चौदा वर्षं सांगत राहिले.

दोन हजार अठराच्या जानेवारीत थर्मन गेला. खाणीच्या धुळीनं फुप्फुसं दगड झाली होती. शेवटची दोन वर्षं नाकात नळी होती. अंत्यविधीच्या दिवशी मी बाहेर पडले तर रस्त्यापलीकडे एल्डनची गाडी उभी. आत तो, टाय लावून, दोन्ही हात चाकावर. मी काचेवर टकटक केलं. त्यानं काच खाली केली नाही.

एप्रिलच्या बाजारात पन्नाशीची एक बाई त्याच्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. हातात कापडी पिशवी. मी ओळखलं. थर्मनची मुलगी नोरीन, ओहायोत परिचारिका आहे.

“मी नोरीन. थर्मन प्रुएटची मुलगी.”

“माहीत आहे,” एल्डन म्हणाला आणि उठून उभा राहिला.

“बसा. ह्याचं साल काढून हवंय.” तिनं हिरव्या कपड्यावर पिठाच्या पिशवीच्या कापडातली पुरचुंडी ठेवली. कापड तेच. धुवून धुवून पांढरं झालेलं.

“साल… साल मी असंही सांगू शकतो,” एल्डन पुरचुंडी परत तिच्याकडे सरकवत म्हणाला. “उघडायची गरज नाही.”

“बाबांनी सांगितलं होतं, एल्डन सगळ्यांचं काढतो तसंच काढायला सांग. त्याच्या टेबलावर. लोकांसमोर.”

आजूबाजूची दोन-चार माणसं नेहमीप्रमाणे सोहळा बघायला सरकली. त्यांना काय कल्पना! एल्डन खाली बसला. रिकामं आहे का, तीनदा बघितलं. स्क्रू मोजले. कळ सपाट. चक्र बाहेर झुलवलं आणि खाचेतल्या त्या पाच आकड्यांकडे इतका वेळ बघत राहिला की मागचा माणूस म्हणाला, “काका, तो आकडा नाही ना तो?”

“नाही,” एल्डन म्हणाला. “तो आकडा नाही.”

पेचकस निवडताना त्याच्या हातून दोन खाली पडले. मी उचलून दिले. मुठीचा स्क्रू बघून तो तशातही क्षणभर थांबला. स्क्रूच्या खाचेला एक ओरखडा नव्हता. ज्यानं तो बसवला होता त्यानं पेचकसाचं टोक आधी घासून खाचेत नीट बसतं करून घेतलं होतं. शंभरात एक माणूस एवढी काळजी घेतो. अक्रोडाचे दोन तुकडे सुटे झाले. त्यानं भिंग बुडाशी धरलं आणि सवयीनं मोठ्यानं वाचायला लागला.

“एक-नऊ-तीन…”

माणसं वाट बघत होती. मी वाकले आणि वाचलं, “चार-सात-दोन.”

वहीकडे त्यानं बघितलंच नाही. “एकसष्ट,” म्हणाला. मग सवय माणसाला सोडत नाही तशी त्यानं लाकडाची आतली बाजू वर केली. कारखान्याची नव्हती ती मूठ, तिथं काही असायचं कारण नव्हतं. पण होतं. सुताराच्या जाड पेन्सिलीनं, शाळेतल्या पोरासारख्या अक्षरात: ‘१९३४७२. एल्डनसाठी. मे १९७१.’ जुन्या मुठीच्या आत आकडा बघून थर्मनला वाटलं असणार, असं लिहायची पद्धत असते.

“आता लावा परत,” नोरीन म्हणाली, “आणि हातात धरा.”

लावायला त्याला बराच वेळ लागला. मग त्यानं ते उजव्या हातात धरलं. खालचा तो वेडावाकडा उंचवटा बरोबर तिथं गेला जिथं त्याची दोन बोटं नव्हती. मधल्या बोटाला खोल खोबण होती, अंगठ्याला ओटा. त्या हातात गेल्या सत्तेचाळीस वर्षांत काहीही, साधा पेलासुद्धा, मी इतका घट्ट बसलेला पाहिला नव्हता. एल्डननं बोटं सैल केली तरी ते सुटेना.

“ही मूठ दुसऱ्या कुणाच्याच हातात बसत नाही,” नोरीन सांगत होती. तिचा आवाज कोरडा होता. “मी धरून बघितली, माझ्या नवऱ्यानं बघितली. बाबांनाही धरता यायची नाही. इस्पितळात तुमचा हात धरून माप घेतलं म्हणाले. तेरा मुठी कोरून फेकल्या, ही चौदावी. ही जुनी मूठ.” तिनं ती पिशवीतून काढून टेबलावर ठेवली.

“त्यानं सांगितलं का नाही?” एल्डन म्हणाला. “एकदा जरी…”

“आई शंभरदा म्हणायची. बाबा म्हणायचे, मी चोर नाही हे पटवायला भावाच्या दारात पेचकस घेऊन जाणार नाही. तो येईल म्हणायचे. तो बाजारात बसून साऱ्यांना मुठी उघडायला लावतो, मग त्याला कळलं नसेल होय? कळलंय त्याला. येईलच.” तिनं पिशवीची घडी घातली. “दर मे महिन्यात तेल लावून ठेवायचे. गेल्या वर्षीसुद्धा, नळी लावलेली असताना.”

“शेवटी काही म्हणाला का?”

“शेवटी बोलायला श्वास कुठं होता?” ती म्हणाली. “ठेवा ते. तुमचंच आहे. तेव्हाही तुमचंच होतं.” आणि ती गेली. इतक्या बोलण्यात एकदाही तिच्या तोंडून काका आलं नाही.

त्या दिवशी दुपारी एल्डननं पाटी उलटी करून ठेवली आणि वही माझ्या टेबलावर टाकली. “तुला घे. चुलीत घाल.” मी वही ठेवून घेतली आणि त्याच्या गाडीत बसून त्याच्या घरी गेले. त्या मापाची जुनी काडतुसं जिथं जिथं पडून होती तिथून गोळा केली, कपाटातून, शेडमधून, गाडीच्या खणातून, आणि माझ्या घरी आणली. त्यानं विचारलंही नाही. आमच्या डोंगरात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांचं काय होतं ते आम्हाला एकमेकांना सांगावं लागत नाही.

तेव्हापासून दर रविवारी जेवणानंतर तो माझ्याकडे यायचा. मी पाच काडतुसं हातावर ठेवायचे आणि बरोबर जायचे. माझ्या कोठाराच्या मागे मातीचा बांध आहे, तिथं घेवड्याचे रिकामे डबे मांडायचो. पहिल्या रविवारी त्यानं पाचही डबे पाडले. आधी कधी त्याला असं काही पाडताना मी पाहिलं नव्हतं. त्याच्या हातात कुठलंच रिव्हॉल्व्हर टिकायचं नाही, दणका बसला की फिरायचं, म्हणून त्यानं केव्हाच सोडून दिलं होतं. लोकांच्या बंदुकांची सालं काढायची, पण चालवायची एकही नाही, असा त्याचा जन्म गेला.

“चाप बघ कसा लोण्यासारखा आहे,” तो म्हणाला. चेहऱ्यावर पोराचं हसू. “दणका कळतच नाही, ओपल. सगळा त्या उंचवट्यावर जातो. त्यानं कसं ओळखलं असेल? एकदाच तर हात धरला होता. इतकं सुंदर आहे गं हे. इतकं सुंदर…” आणि तिथंच ओल्या गवतात बसून तो मोठ्यानं रडला. मी आधी रिव्हॉल्व्हर काढून घेतलं, मग त्याच्या शेजारी बसले. समजूत घालायला माझ्याकडे काही नव्हतं. पाच रिकामी नळकांडी मोजून खिशात टाकली.

मे महिन्याचा शेवटचा रविवार आला. “मला टेकडीवर ने,” तो म्हणाला. “ज्यांच्यासमोर बोललो त्यांच्यासमोर परत घ्यायचंय.”

गेलो. पूर्वी चाळीस माणसं असायची, आता टेकडीवर आम्ही दोघंच. पोरं सगळी ओहायोला, इंडियानाला. गवतसुद्धा कुणी कापलेलं नव्हतं. मी मक्याचा पाव आणि घेवडा नेला होता. टेबल नव्हतं, म्हणून गाडीच्या मागच्या फळीवर ठेवले. एल्डन थर्मनच्या मातीपाशी उभा राहिला. दगड अजून बसला नव्हता, पत्र्याची पाटी होती. एका हातात बायबल घेतलं आणि दुसऱ्या हातात रिव्हॉल्व्हर. टोपी काढायला हात उरला नाही, म्हणून ती मी काढली.

“एक-नऊ-तीन,” तो मोठ्यानं म्हणाला. “चार-सात-दोन.” मग बायबलातलं वाचलं. “एक-नऊ-तीन. चार-सात-दोन.” आजूबाजूला त्याची आई, मावश्या, थर्मनची बायको, शेजारी म्हणून तिथंच पुरलेले माझे आईवडील, त्या दिवशी ज्यांनी ऐकलं होतं ते सगळे ओळीनं पडले होते. “जुळतो,” एल्डन म्हणाला. “थर्मन चोर नव्हता. जुळतो.”

बाजारात हा शब्द म्हटला की समोरचा माणूस काहीतरी बोलतोच. हसतो, हात मिळवतो. एल्डन तसाच थांबला होता. मग माझ्याकडे वळला.

“त्या दिवशी होती त्यातली तू एकटी उरलीस,” तो म्हणाला. “तू तरी ऐकलंस ना?”

“ऐकलं.”

“बरं झालं.” तो फळीशी आला आणि रिव्हॉल्व्हर पावाशेजारी ठेवलं. तिथंच, तसंच. मला राहवेना.

“एल्डन, तू निघून गेलास तेव्हा मी ते उचललं होतं. जेवणाजवळून बाजूला ठेवायला. माझ्या हातात बसलं नव्हतं. मूठ वाकडी आहे, थर्मननं घरी कोरलेली आहे, हे मला कळलं होतं. तू टेकडीच्या पायथ्याशीही पोचला नव्हतास. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं माझा उजवा हात आपल्या तीन बोटांत घेतला आणि धरून ठेवला. पाव गार झाला तरी सोडला नाही. मीही ओढून घेतला नाही.